भात, मासे आणि वजन : कोकणात राहून लो कार्ब कोणी केलंय का?

तुळशीवृंदावन :
नमस्कार मंडळी. मी कुडाळजवळ राहते, वय ४३. गेल्या काही वर्षांत वजन हळूहळू चढतच गेलं आणि कंबर ८० सेंटीमीटरच्या बरीच पुढे गेलीय (आपल्याकडे बायकांची ८० च्या आत आणि पुरुषांची ९० च्या आत असावी असं धरतात). आत्ताच्या रिपोर्टमध्ये एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६.१ आलाय, म्हणजे डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर. डॉक्टरांनी सांगितलं वजन उतरवा, भात-साखर आटोक्यात आणा, काही महिन्यांनी परत तपासू.

आता आमच्या घरी सकाळी पेज नाहीतर घावणे, दुपारी भात आणि माशाचं सार, रात्री परत भात, आणि चारच्या चहाला खारी-बटर असतंच. यूट्यूबवर लो कार्ब (म्हणजे भात-पीठ-साखरेतले कार्बोहायड्रेट कमी) म्हणून शोधलं तर सगळीकडे बदामाचं पीठ, अवोकाडो, चीज, ऑलिव्ह ऑइल. ते बदामाचं पीठ माझ्या किराण्याच्या बजेटमध्ये बसत नाही आणि दारात ताजे पेडवे-बांगडे घेऊन मासेवाली येत असताना मला ते आणायचंही नाही. मला आपल्याच जेवणातून हे जमवायचंय. तर भात पूर्ण सोडावा लागतो का, नाचणीची भाकरी चालते का, नारळाचं काय करायचं, आणि पावसाळ्यात मासे बंद झाल्यावर काय खायचं हे सगळं विचारायचंय. सासूबाईंना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, त्या म्हणतायत मीपण तुझ्याबरोबर करते, तर त्यांना चालेल का? ज्यांनी खरंच केलंय त्यांनी लिहा प्लीज.

खाडीपलीकडे :
ताई, चांगला विषय काढलात. मी रत्नागिरीचा, माझं बऱ्यापैकी वजन उतरलं आणि टिकलंय म्हणून लिहितोय. सगळ्यात आधी स्वयंपाकघरात एक छोटा डिजिटल काटा आणा आणि रोजच्यासारखा भात ताटात वाढून तो वजन करून बघा. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कार्ब असतात. आपण "थोडाच" म्हणून जो वाढून घेतो तो ताटात तीनशे ग्रॅमपर्यंत सहज जातो, वर सार घातलं की तो कालवून खाली बसतो आणि डोळ्याला कमी दिसतो, म्हणून परत एक डाव घेतला जातो. म्हणजे एका जेवणाला ८०-९० ग्रॅम कार्ब नुसत्या भाताचे. लो कार्ब म्हणजे ढोबळमानाने दिवसाला १३० ग्रॅमच्या आत, आणि कीटो म्हणतात ते २० ते ५० ग्रॅम. कीटो आपल्या घरात चालवणं महाकठीण, पण १३० च्या आत राहणं अजिबात कठीण नाही, दुपारी १०० ग्रॅम भात मोजून घ्या आणि रात्री भात नको, बाकी मासे आणि भाजी पोटभर.

आणि भाताला हात लावायच्या आधी चहातली साखर, खारी, बटर, बिस्किटं, फरसाण आणि बाटलीतलं कोकम सरबत बंद करा. त्या सरबतात कोकम नावाला आणि साखरेचा पाकच जास्त. त्यापेक्षा आगळ (कोकमाचा खारवलेला रस) पाण्यात घालून मीठ-जिरं टाकून घ्या.

रानवाट :
नाचणी खा हो बिनधास्त, नाचणीने वजन कमी होतं. आमच्याकडे सगळे भाकरी नाचणीचीच खातात.

खाडीपलीकडे :
रानवाट, नाचणी चांगलीच आहे, १०० ग्रॅममध्ये ३४० मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम, तांदळापेक्षा फायबर जास्त. पण कार्बच्या हिशोबात ती तांदळाच्या फार खाली नाही, १०० ग्रॅम पिठात ६५-७० ग्रॅम कार्ब असतातच. म्हणून भाताऐवजी दोन मोठ्या नाचणीच्या भाकऱ्या खाल्ल्या तर धान्य बदललं, कार्ब तेवढेच राहिले. एक छोटी भाकरी आणि सोबत भरपूर भाजी किंवा मासा असं असेल तर ठीक. नाचणीच्या नावाने बिस्किटं आणि लाडू विकतात ते तर यात धरूच नका.

गजाल :
माका एक सांगूचा आसा. आमचे आजे-पणजे सकाळी पेज, दुपारी भात, रातीक भात खायत, पण कोणाचा प्वाट सुटलेला बघल्याचा माका आठवणा नाय. कित्याक? पहाटेक जोत धरूचा, लावणी, कापणी, झोडणी, डोक्यार भारे घेवन सडो चढाचो. आता माझो झील दारातसून नाक्यार जावक स्कूटर काढता. भात तितकोच रवलो, काम सरला. म्हणान भाताक दोष देव नको, कमी वाढून घेवा नि चलूक लागा.

तुळशीवृंदावन :
गजालदादा, अगदी पटलं. आमच्याही शेतात आता पॉवर टिलर येतो.

निळीशाई :
गजाल यांना +१. आणि पूर्वी पेज उकड्या तांदळाची, त्याच्याबरोबर सुका बांगडा भाजलेला नाहीतर कुळथाची पिठी, साखर सणासुदीला. भात जास्त होता पण त्याच्याबरोबरचं बाकीचं एवढं नव्हतं. २०२५ मध्ये आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) इंडियाब या डायबेटिसवरच्या देशभरच्या पाहणीचे आकडे आले त्यात भारतीयांच्या खाण्यातल्या साधारण ६२ टक्के कॅलरी कार्बमधून येतात असं दिसलं, आणि प्रोटीन फारच कमी. म्हणजे नुसता भात काढून टाकायचा एवढ्यावर काम होत नाही, त्या जागी प्रोटीन आलं पाहिजे, नाहीतर माणूस उपाशी राहतो आणि रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडतो.

औषधवाली :
थांबा, सासूबाईंबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून आणि ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. मी फार्मसीत काम करते, रोज अशी माणसं बघते म्हणून कळकळीने सांगते. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना स्वतःच्या मनाने भात एकदम कमी करू नका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन तुमच्या नेहमीच्या जेवणाच्या हिशोबाने दिलेलं असतं, जेवणातले कार्ब निम्म्यावर आले आणि डोस तोच राहिला तर शुगर खाली जाते, घाम सुटतो, थरथर होते, वयस्कर माणूस पडू शकतं. दुसरं म्हणजे डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही जी लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधं आहेत ती चालू असताना कडक लो कार्ब केलं तर कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठून जिवावर बेतणारी अवस्था) होऊ शकतो, आणि धोका असा की त्यात मशीनवर शुगर फार वाढलेली दिसतही नाही, नुसतं मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप. लोक अॅसिडिटी समजून घरी बसतात. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचा आणि डॉक्टरांना आधी विचारा, ते डोस कमी करून देतील, मग करा. बीपीच्या गोळ्यांचंही तेच, कार्ब कमी झाले की शरीरातून मीठ-पाणी जास्त बाहेर जातं आणि उठताना चक्कर येते. किडनीचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर परस्पर हे करूच नये.

ताई तुमचं स्वतःचं औषध नसेल तर तुम्हाला सुरू करायला काही हरकत दिसत नाही, पण सासूबाईंचं आधी विचारा.

तुळशीवृंदावन :
औषधवाली ताई, मनापासून आभार. आत्ताच डबा उघडून बघितला, ग्लिमेपिराइड आहेच. त्यांना डॉक्टरांकडे नेल्याशिवाय काही करणार नाही.

सड्यावरचा :
मला वाटतं लो कार्बचं कौतुक जरा जास्तच चाललंय. स्टॅनफर्डने २०१८ मध्ये ६०९ लोकांचा वर्षभराचा अभ्यास छापला होता, अर्ध्यांना लो फॅट, अर्ध्यांना लो कार्ब. वर्षअखेरीला लो फॅटवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं आणि लो कार्बवाल्यांचं ६ किलो, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. दोन्हीकडे साखर-मैदा-पॅकेटमधलं कमी करायला आणि भाज्या वाढवायला सांगितलं होतं. तेव्हा पद्धत कुठलीही घ्या, जी वर्षभर चालेल ती खरी. आणि पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली आला म्हणून पेढे वाटू नका, ते पाणी असतं. शरीरात साठवलेल्या एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (साखरेचा साठा) तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, ते आधी जातं. माझ्या चुलतभावाने कडक कीटो केलं, भराभर उतरलं, मग गणपतीत सोडलं आणि तेवढ्याच वेगाने परत आलं.

तो दीक्षित सरांचा दोन वेळा जेवा, ५५ मिनिटांत आटपा वाला प्रकार अजून कोणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतंय. 🙂

निळीशाई :
सड्यावरचा, तो वेगळा विषय, त्यात किती वेळा खायचं याच्यावर भर आहे, हा धागा ताटात काय आहे याचा. इथे नको, त्याचा वेगळा धागा आहे. अभ्यासाबद्दल सहमत. फक्त एचबीए१सी वाढलेला असेल तर कार्ब कमी केल्याने जेवणानंतरची शुगर कमी चढते हा सरळ फायदा आहे, म्हणून ताईंसाठी ही पद्धत निवडण्यात अर्थ आहे.

वालाचीउसळ :
आम्ही गुहागरकडचे, घरात मासे-अंडं काहीच नाही. शाकाहारी लोकांनी काय करायचं? सगळे मासे मासे म्हणतायत.

निळीशाई :
वालाचीउसळ, थोडं अवघड आहे पण होतं. कुळथात १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि ५५-६० ग्रॅम कार्ब. ऐकायला कार्ब जास्त वाटतात पण आपण पिठी करतो ती माणशी दोन चमचे पिठाची, म्हणजे बारा-तेरा ग्रॅम कार्ब. ती वाटीत घेऊन सूपसारखी प्या, भातावर ओतू नका. वाल, काळे वाटाणे, मूग मोड आणून उसळ करा आणि उसळ हेच मुख्य जेवण धरा, भाकरी अर्धी. घरचं दही, ताक, पनीर (१०० ग्रॅमला १८-२० ग्रॅम प्रोटीन), शेंगदाणे मूठभर. आपल्याला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन रोज लागतं असं एनआयएन (हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था) सांगतं, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. वरण-भातावर ते होत नाही, मोजून बघा. बटाटा, साबुदाणा, रताळं हे उपासाच्या नावाने येतात त्यांच्यावर मात्र लक्ष ठेवा, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च.

वालाचीउसळ :
कुळथाचं असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे पिठी म्हणजे भातच. करून बघते.

जेटीवरून :
मालवणहून. मासे खाणाऱ्यांसाठी माझे दोन पैसे. महाग पापलेट-सुरमईच्या मागे लागायचं काही कारण नाही, तारली, पेडवे, बांगडा हे स्वस्त आणि तेलकट मासे, ओमेगा ३ यांच्यातच जास्त, कार्ब शून्य, आणि मध्यम बांगड्यातून १५-२० ग्रॅम प्रोटीन मिळतं. घोळ होतो तो तळण्यात. रवा नाहीतर तांदळाचं पीठ लावून शॅलो फ्राय केलं की ते कवच तेल पितं आणि कार्बही येतात. आमच्याकडे आता बांगड्याला तिरके काप देऊन हळद, तिखट, मीठ आणि आगळ नीट कापांच्या आत चोळतात, अर्धा तास ठेवून बिडाच्या तव्यावर चमचाभर तेलात मंद आचेवर. तवा नीट तापलेला हवा आणि एक बाजू सुटेपर्यंत मासा हलवायचा नाही, कातडी स्वतःहून सुटली की उलथायचा. पीठ नसलं तरी कड छान कुरकुरीत होते.

पावसाळ्याचं म्हणाल तर १ जूनपासून बंदी, तेव्हा ताजा समुद्राचा मासा नाही. मग सुकट, जवळा, सुके बोंबील, सोडे आहेत. सुक्या माशात प्रोटीन भरपूर पण मीठही भरपूर, बीपीवाल्यांनी कोमट पाण्यात भिजवून ते पाणी टाकून, दोन-तीनदा धुऊन घ्यायचं. खाडीतले शिंपले, म्हणजे मुळे, तिसऱ्या, कालवं मिळाली तर सोनंच. अंडी आहेतच.

रानवाट :
आणि रानभाज्या विसरू नका!! पहिल्या पावसानंतर टाकळा येतो, मग कुर्डू, फोडशी, भारंगी, अळू, शेवग्याचा पाला, नंतर कर्टोली. यांच्यात कार्ब नगण्य, फायबर भरपूर. टाकळ्यात थोडी भिजवलेली डाळ किंवा सुकट घालून परतलं की भाताची आठवण येत नाही. खोबरं वरून मूठभर नको, चमचाभर. लो कार्ब करणाऱ्यांना बद्धकोष्ठाचा जो त्रास होतो तो अशा भाज्यांनी आणि पाण्याने जातो. नुसते मासे-अंडी खात बसलात तर होणारच. भारंगीची पानं मात्र उकळून पाणी काढून टाकायची, कडू असतात.

सड्यावरचा :
नारळाचा प्रश्न राहिला. यूट्यूबवरचे लोक सांगतात खोबरेल तेल चमच्याने प्या, वजन उतरतं. त्या तेलात ९० टक्क्यांच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट आहे आणि त्याने एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढतो. आपण कोकणातले म्हणून नारळाला हात लावायचा नाही असं नाही, पण एका ग्रॅम फॅटला ९ कॅलरी, कार्बला ४. भात अर्धा केला आणि वाटण दुप्पट केलं तर उतरणार काय?

खाडीपलीकडे :
बरोबर. माझ्या मते सोलकढी एक ग्लास चालते, पातळ दुसऱ्या-तिसऱ्या रसाची. माशाच्या साराला नारळ असतोच, तेव्हा त्याच जेवणात परत भाजीवर खोबरं नको. आणि सुरू करायच्या आधी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करून ठेवा, तीन महिन्यांनी परत करा. काही जणांचा एलडीएल लो कार्बवर चांगलाच वाढतो, तो काट्यावर कळत नाही.

पेजभात :
मला एवढं कळतं की घरातली बाई दोन स्वयंपाक करून थकते. नवऱ्याला आणि मुलांना भात, स्वतःला वेगळं, सासूला वेगळं. हे कुठलाच डाएटवाला सांगत नाही. ताई तुम्ही एकच स्वयंपाक करा, मासा-भाजी-उसळ जास्त शिजवा आणि भाताचं भांडं छोटं घ्या. भांडं मोठं असलं की उरतं, उरलं की सकाळी फोडणीचा भात, तो टाकवत नाही म्हणून बाईच्याच पोटात जातो. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

औषधवाली :
पेजभात, टाळ्या. सुरुवातीला डोकं दुखणं, पायात गोळे येणं, मरगळ असं झालं तर घाबरू नका, मीठ-पाणी कमी पडल्याने होतं. बीपी नसेल तर ताकात चिमूट मीठ घालून दिवसातून एक-दोनदा घ्या. थांबलंच नाही तर मात्र दाखवा.

तुळशीवृंदावन :
मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय, मध्ये लावणी आणि मग गणपतीची तयारी. तुमच्या सगळ्यांचं वाचून जे केलं ते सांगते. भाताचं भांडं बदललं, पेजभात ताई, पहिला फरक त्यानेच पडला. दुपारी मोजून भात, रात्री कुळथाची पिठी वाटीत, नाहीतर अंड्याची भुर्जी आणि टाकळा. सकाळच्या पेजेऐवजी मूग किंवा उरलेली उसळ. चहा बिनसाखरेचा आवडायला वेळ लागला पण आता गोड चहा घशाखाली जात नाही. नवऱ्याने पहिले काही दिवस "मासे भाताशिवाय कसे खायचे" म्हणून कुरकुर केली, आता तोही रात्री भात घेत नाही आणि त्याचीच पँट आधी सैल झाली. माझं वजन सावकाश उतरतंय, अधूनमधून थांबतं, पण कंबर कमी झालीय हे ब्लाउजवरून कळतं. संध्याकाळी नदीपर्यंत चालत जाते, गजालदादांचं ऐकून.

सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी गोळी निम्मी केली आणि रात्रीचा भात पूर्ण बंद न करता अर्धी वाटी ठेवा म्हणाले, घरी मशीनवर शुगर लिहून ठेवायला सांगितली. त्यांची उपाशीपोटीची शुगर उतरलीय. मला त्याचाच जास्त आनंद आहे.

गणपतीत मोदक खाल्ले. त्या दिवशी ताटात भात घेतला नाही, मोदक आणि ऋषीची भाजी घेतली. आता नवीन बांगडा यायला लागलाय तर कोणीतरी बांगड्याच्या तिखल्याचं नीट प्रमाण द्या, आमच्याकडे सगळं खोबऱ्याच्या वाटणातलंच होतं.

जेटीवरून :
वा ताई, खूप बरं वाटलं वाचून. तिखल्याला खोबरं लागतच नाही. चार बांगड्यांना दोन चमचे चांगलं लाल तिखट, अर्धा चमचा हळद, मीठ, पाच-सहा सोलं (सुकी कोकमं), आणि सात-आठ तिरफळं. तिरफळांची आतली काळी बी काढून टाका, वरचं साल जरासं ठेचा, वाटू नका नाहीतर कडवट होतं. सगळं कपभर पाण्यात कालवून मातीच्या नाहीतर पसरट भांड्यात उकळी आणा, मग बांगड्याचे तुकडे सोडा, चमचा न घालता भांडंच हलवायचं. रस अंगाबरोबर आला की चमचाभर कच्चं खोबरेल आणि झाकण.

गजाल :
दुसऱ्या दिवशी अजून बरा लागता.

तुळशीवृंदावन :
घरात तिरफळं आहेत. उद्याच करते. तीन महिन्यांचा एचबीए१सी आणि लिपिड पुढच्या महिन्यात आहे, आकडे आले की इथेच टाकते, चांगले असोत वा वाईट.